डाव्या बाजूची चाकं

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर आमच्या ह्यांनी सवत आणली. मी तेव्हा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला जायचे. संध्याकाळी सुटून मोरिवलीला घरी आले, तर गल्लीच्या तोंडाशी, आमच्या दारासमोरच, ती उभी. लष्करानं लिलावात काढलेला जुना ट्रक. हिरवा रंग उडून गेलेला, नाक पुढे काढलेलं, पुढे दोन चाकं आणि मागे दोन्ही बाजूंना जोडी-जोडीनं चार. हे बॉनेटवर हात ठेवून उभे होते. चेहऱ्यावर एवढा आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"हिच्यावर क्रेन बसवणार," ते म्हणाले. "बंद पडलेल्या गाड्या ओढायला."

"आधी हिला कोण ओढणार ते सांगा," मी म्हटलं.

माझी जीभ तिखट आहे, ती तेव्हाही होती. पण खोटं कशाला बोलू, त्या सवतीनंच आम्हाला पोसलं. कर्जतच्या रस्त्याला, बदलापूरच्या पुढे, कुठेही ट्रक कलंडला की आमच्या घरचा फोन वाजायचा. हे आणि माझे सासरे, दोघं निघायचे. सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आबा पोट भरायला घाटावरून इकडे आले, आधी ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर आणि शेवटी गॅरेजात फिटर. गाड्यांचं सगळं ह्यांना त्यांनीच शिकवलेलं. काम नसेल त्या दिवशी हे गाडीखाली आणि आबा बाहेर स्टुलावर, असा त्यांचा संसार चालायचा. गाडीखालून ह्यांचे दोन पाय तेवढे बाहेर दिसायचे. आबा त्या पायांशी बोलत बसायचे. मी चहा घेऊन गेले की मीही पायांशीच बोलायचे. "तुमच्या पायांना मी नमस्कार रोज करते, तोंड कधी बघू?" असं एकदा म्हटलं, तर खालून नुसतं हसू ऐकू आलं.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. गाडीखाली नाही, घरात, जेवणाच्या ताटावर. छातीत कळ आली म्हणाले आणि रिक्षानं उल्हासनगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. गाडी तेव्हा इंजिन उघडून ठेवलेली होती. ती तशीच राहिली.

आबांचं विसरणं त्याआधीच सुरू झालं होतं. चष्मा कुठे ठेवला, जेवलो का, असलं. मुलाला खांदा त्यांनी दिला, अग्नी त्यांनी दिला, तेराव्याला पंगतीत बसले. आणि महिन्याभरानं एका सकाळी मला विचारलं, "पोरगा उठला न्हाई का अजून?"

मी सांगितलं. काय सांगणार दुसरं? त्यांनी जो हंबरडा फोडला त्यानं गल्ली गोळा झाली. दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा मी सांगितलं, पुन्हा तोच हंबरडा. त्यांच्यासाठी मुलगा दर वेळी त्या क्षणीच मेलेला असायचा. चौथ्या-पाचव्या वेळी ते भिंतीवर डोकं आपटायला लागले, तेव्हा मी आणि माझी नणंद त्यांना धरून डॉक्टरकडे घेऊन गेलो. नणंद बदलापूरला राहते, शाळेत शिपाई आहे. डॉक्टर म्हणाले, "नव्यानं सांगू नका. काहीतरी सांगून वेळ मारून न्या."

तेव्हापासून वेळ मारून नेणं हा माझा धंदा झाला. "कॅम्पात गेलेत, पार्ट आणायला." उल्हासनगरच्या कॅम्पात सगळं मिळतं, पण शोधायला वेळ लागतो, हे आबांना पक्कं ठाऊक. त्यांना ते पटायचं. दारात गाडी उभी होती ना. गाडी उभी आहे म्हणजे मुलगा इथेच कुठेतरी आहे, एवढा त्यांचा सरळ हिशेब. रोज सकाळी चहाचा ग्लास घेऊन ते गाडीपाशी जायचे, मडगार्डवर ठेवायचे आणि स्टुलावर बसायचे. चहा निवला की स्वतःच प्यायचे.

नणंदेनं मला एकदा स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हटलं, "वहिनी, कुंकू लावत जा. कपाळ मोकळं दिसलं की ते विचारतात." मग मी कुंकू लावायला लागले. मंगळसूत्रही काढलं नाही. आजकाल बऱ्याच बायका काढत नाहीत, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण मला वाटायचं. मला ते मोडायचं होतं, रडायचं होतं, चार बायकांत बसून ह्यांच्याबद्दल बोलायचं होतं. पण घरात ह्यांचं नावसुद्धा मेलेल्या माणसासारखं घेता येत नव्हतं. जिवंत माणसासारखं घ्यावं लागायचं. फोटो लावला नाही, वर्षश्राद्ध नणंदेच्या घरी उरकलं. शेजारणी माझ्या कपाळाकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. त्यांच्याशी भांडायलाही मला चोरी होती. भांडण मोठं झालं तर आबा ऐकणार.

यंदा गल्लीच्या तोंडाची ती जागा विकली गेली. तिथे इमारत होणार आहे, पत्रे ठोकून झालेत. गाडी हलवा, असा निरोप आला. मी इतकी वर्षं ह्या गाडीला शिव्या घातल्या होत्या, आणि आता तिच्यासाठी माझा जीव टांगणीला लागला. ती गेली की आबा विचारणार. आणि "कॅम्पात गेलेत" ह्या वाक्याला टेकायला काहीच उरणार नाही.

उल्हासनगरचे एक सिंधी शेठ जुन्या गाड्यांचे भाग विकतात. हे त्यांच्याकडून माल आणायचे. त्यांनी गाडी घ्यायचं कबूल केलं. स्वतः येऊन बघून गेले. डाव्या बाजूला गटार असल्यानं तिकडची मागची दोन्ही चाकं ओलीत कुजली होती, टायर बसले होते, गाडी त्या अंगाला कलली होती. शेठ म्हणाले, "वैनी, ऐसे नहीं जाएगी. ही दोन चाकं काढायला लागतील. मी दुसरी लावून देतो, मग दुसऱ्या गाडीला टोचन करून नेतो."

आम्ही बेत केला. आदल्या दिवशी नणंदेनं आबांना बदलापूरला न्यायचं, दोन दिवस ठेवायचं, तोवर इकडे गाडी जाईल. परतल्यावर जागेवर पत्रे दिसतील. पुढचं पुढे बघू.

शेठ सकाळी दोन माणसं घेऊन आले. एक थोराड मिस्त्री आणि एक काटकुळा मदतनीस, दोघंही चाळिशीचे. त्यांनी पुढच्या चाकांना दगड लावले, टायरात उरलीसुरली हवा होती ती सोडली आणि नटांना पाना लावला. नट हलेना. पान्याला लांब पाइप जोडला, मिस्त्री त्यावर लोंबकळला. तरी हलेना. मदतनीसही लोंबकळला. मी उंबऱ्यात बसून बघत होते आणि मनात म्हणत होते, हलूच नये. एवढ्यात कट्ट आवाज झाला आणि दोघंही खाली बसले. नट नव्हता सुटला, बोल्टच तुटला होता.

"आरं मुडद्यांनो, उलटं फिरवा की!"

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती आणि तिच्यातून आबा उतरत होते. मागून नणंद, रडवेल्या तोंडानं. आबांनी रात्रभर तिथे पाठ टेकली नव्हती. मला घरी जायचंय, गाडी उघडी टाकलीय, एवढं एकच धरून बसले होते. पहाटे तर चप्पल न घालताच जिना उतरायला लागले, मग तिचा नाइलाज झाला.

मी उठून त्यांना घरात न्यायला गेले. त्यांनी माझा हात झटकला. त्यांना गाडीभोवती माणसं दिसली होती, पान्याचा आवाज आला होता. "डाव्या अंगाचं आटं उलटं असत्यात," ते मिस्त्रीला म्हणाले. "सुलटं फिरवशील तर जास्तच आवळंल. कुणी शिकवलं तुला?"

मिस्त्री चिडला नाही. हसला, पाइप फिरवून घेतला आणि उलट्या अंगानं जोर लावला. किरकिरत पहिला नट सुटला. मग आबांनी त्यांचं स्टूल ओढून घेतलं आणि काम ताब्यात घेतलं. एक नट काढला की समोरचा ढिला कर. जॅक मातीत नको, खाली फळी घाल. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या पोटाखाली सरकव, जॅक सटकला तर गाडी चाकावर बसंल, माणसावर न्हाई. ज्या माणसाला आपण सकाळी जेवलो की नाही हे सांगता येत नव्हतं, तो एकही पायरी चुकत नव्हता. नणंद माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. आम्हा दोघींना वाटलं, कामात गुंतलेत, निभावून जाईल.

बाहेरचं चाक निघालं. आतलं मात्र गंजून ड्रमला घट्ट बसलं होतं. त्याला मागून घणाचे ठोके द्यायला हवे होते. काटकुळा मदतनीस पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकला. बाहेर त्याचे दोन पाय तेवढे राहिले.

आबा त्या पायांकडे बघत राहिले. मग स्टूल पायांजवळ सरकवलं. त्यांचा चेहरा इतका निवांत मी तीन वर्षांत पाहिला नव्हता. "दमानं मार रं," ते म्हणाले. "घाई नको करूस. एका जागी मारू नको, फिरवून मार." खालून ठोके येत होते. "च्या घेतलास का?" आबांनी विचारलं. माणसानं खालून "हां बाबा" म्हटलं. आबा समाधानानं मान हलवत मला म्हणाले, "आला बघ कॅम्पातनं. मला सांगितलं बी न्हाईस."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. ते पाय ह्यांचे नव्हते, टाचा भेगाळलेल्या होत्या, चप्पल वेगळी होती. आणि तरी मीसुद्धा त्या पायांकडे बघत होते. खोटं नाही सांगत, एक क्षण मलाही बरं वाटलं.

चाक सुटलं. मदतनीस घामाघूम होऊन बाहेर आला, तोंड पुसलं आणि चाक लोटायला लागला. आबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा गाडीखाली बघितलं. दुसरी चाकं चढवेपर्यंत त्यांनी एकही सूचना दिली नाही.

चाकं चढली, नट आवळले. मिस्त्री जॅक सोडायला बसला. तेव्हा आबा उठले, त्याच्या हातावर हात ठेवला आणि जमिनीवरचा पाना उचलला. काय होणार ते मला कळलं. जॅक उतरवण्याआधी आमच्याकडे एक रीत होती. आबांनी ती ह्यांना लावलेली आणि ह्यांनी कधी मोडली नाही. गाडीच्या अंगावर पान्यानं दोन ठोके मारायचे आणि विचारायचं, "खाली कोण?" मग काम करणाऱ्या प्रत्येकानं आपापल्या तोंडानं उत्तर द्यायचं. दुसऱ्याचं उत्तर आपण द्यायचं नाही. आबांच्या तरुणपणी कुणीतरी कुणाच्या वतीनं "मोकळं" म्हणाला होता आणि तो माणूस मोकळा नव्हता.

आबांनी दोन ठोके मारले. "खाली कोण?"

"मी इथं आहे बाबा," मिस्त्री म्हणाला.

"मैं इधर हूँ," मदतनीस म्हणाला.

आबांनी शेठकडे पाना रोखला. शेठ लांब सावलीत उभे होते, त्यांनाही हात वर करावा लागला. "मी पण इकडे, बाबा."

आबा थांबले. कान गाडीकडे. त्यांनी पुन्हा दोन ठोके मारले. "पोरा, खाली हायस का?"

शेठ म्हणाले, "बाबा, नीचे कोई नहीं है. सोडू दे ना त्याला जॅक."

"त्याचं उत्तर त्यानं द्यायचं," आबा म्हणाले.

मिस्त्रीनं जॅकवरचा हात काढून घेतला. हे गेल्याचं शेठना माहीत होतं, ते मान खाली घालून उभे राहिले. नणंद तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. मी तीन वर्षं ह्यांच्या वतीनं उत्तरं देत आले होते. कॅम्पात गेलेत, येतीलच, उशीर होईल म्हणालेत. तयार होतं सगळं तोंडात. पण त्या पान्यासमोर ते बाहेर पडेना.

आबा गुडघ्यावर बसले, मग एक हात टेकला, मग सबंध आडवे झाले, गाल मातीला लावून. गाडीखालून पलीकडचा रस्ता दिसत होता, पत्रे दिसत होते. ते खूप वेळ बघत राहिले. मग खालूनच म्हणाले, "हितं न्हाई त्यो."

मी त्यांच्याशेजारी मातीत बसले. त्यांनी मान वळवून मला विचारलं, "कुटं हाय?"

"आबा, ते गेले."

"कवा?"

"तीन वर्षं झाली."

मी हंबरड्याची वाट बघत होते. तो आला नाही. ते माझा हात धरून उठून बसले, कपड्यांची माती झटकली आणि मिस्त्रीला म्हणाले, "मोकळं हाय. सोड."

जॅक खाली आला, गाडी चाकांवर बसली. दुपारपर्यंत तिला दुसऱ्या ट्रकमागे बांधून नेलं. आबांनी वळून पाहिलं नाही. घरात येऊन भिंतीला टेकून बसले.

संध्याकाळी त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. काय झालं होतं? जेवत होता का? काय केलं होतंस त्या दिवशी? मी सांगितलं, वालाचं बिरडं. अर्धी भाकरी राहिली होती ताटात. दवाखान्यात कोण होतं? पाणी कुणी पाजलं? पाणी पाजायला वेळच मिळाला नाही, आबा. मी हुतो का? होता. खांदा कुणी दिला? तुम्ही. आग? तुम्हीच. ते म्हणाले, "म्हंजी केलं मी सगळं." मी हो म्हटलं. तेव्हा ते रडायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. आणि मी रडले ती मोठ्यानं. इतकी वर्षं अडवून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. नणंद मला धरायला आली, तर आबांनी तिला हातानं थांबवलं. "रडू दे तिला," ते म्हणाले. मला अर्ध्या भाकरीबद्दल इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. "मग हे कशाला लावतीस?"

"तुमच्यासाठी."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "एकलीनं वढलंस," ते म्हणाले. त्या रात्री मी तीन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपले. झोपताना ठरवलं होतं, उद्या ट्रंकेतला ह्यांचा फोटो काढायचा आणि आबांनाच विचारायचं, कुठल्या भिंतीवर लावू.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात खाडा केला. नणंद सकाळीच बदलापूरला गेली. आबा उशिरा उठले, अंघोळ केली, दारात जाऊन उभे राहिले. मी फोटो पुसून घेतला होता, तो हातात घेऊन बाहेर येणार, एवढ्यात ते आत वळले.

"गाडी कुटं दिसत न्हाई," ते म्हणाले. चेहरा कोरा होता. कालचं काही नव्हतं त्यावर.

मी फोटो पाठीमागे धरला. मग म्हटलं, "हे घेऊन गेलेत, आबा."

"चालू झाली?"

"झाली."

ते हसले. सगळा चेहरा उजळला त्यांचा. "मी म्हनत हुतो ना, हुईल म्हून. कुटलं काम लागलं?"

"कर्जतच्या बाजूला."

"मग आज काय लौकर येत न्हाई त्यो," आबा पाटावर बसत म्हणाले. "तू वाट बघू नको. जेवून घे."